महालनोबिसांची चिठ्ठी

बँकेच्या नोकरीत असताना मी एकदा अठरा गावांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. साल १९८८. मराठवाड्यातली आडवळणाची शाखा, एसटी दिवसातून दोनदा येणारी. रिझर्व्ह बँकेने तेव्हा सेवाक्षेत्र योजना आणली होती. प्रत्येक ग्रामीण शाखेला पंधरा-वीस गावे नेमून दिली जात होती. त्या गावांची पाहणी करायची, कोणाला कशासाठी किती कर्ज लागेल याचा अंदाज बांधायचा आणि वरिष्ठांकडे आराखडा पाठवायचा. आमच्या वाट्याला अठरा गावे आली. पाहणी सगळ्या गावांची करायची होती, पण माझ्याजवळ दिवस होते बारा आणि वाहन म्हणजे शाखेची एक जुनी सायकल. तेव्हा मी अठरा चिठ्ठ्या केल्या, शिपायाच्या धाकट्या मुलीकडून चार उचलून घेतल्या आणि त्या चार गावांत हिंडून आलो. तिथले आकडे घेतले, दर गावी सरासरी काढली, तिला अठराने गुणले. आराखडा तयार!

चिठ्ठ्यांत लबाडी नव्हती. पण उचलल्या गेलेल्या चारांपैकी तीन वाड्या-तांडे होते, चाळीस-पन्नास उंबऱ्यांचे. चौथे गाव बेताचे. ज्या बाजारपेठेच्या गावात आमच्या क्षेत्रातली जवळजवळ निम्मी वस्ती होती, ते चिठ्ठीत आलेच नाही. वाड्यांवर सगळे शेतकरी आणि शेतमजूर. विणकर, सुतार, चर्मकार हे सारे त्या मोठ्या गावात. माझ्या आराखड्यात कारागिरांच्या रकान्यात जवळपास शून्य पडले आणि आराखडा मंजूर झाला. पुढच्या वर्षी त्या गावचे एक चर्मकार गृहस्थ शिवणयंत्रासाठी कर्ज मागायला आले, तेव्हा आराखड्यात तरतूद नाही म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. त्यांनी सावकाराकडून पैसे उचलले. नंतर एकदा बाजारात भेटले तेव्हा त्यांनी अगदी साधेपणाने विचारले, की साहेब, पाहणी झाली म्हणता, तर आमच्या गल्लीत तुम्ही कधी आला होता?

मला उत्तर देता आले नाही. पुढे पुण्यात बँकेच्या एका प्रशिक्षण वर्गात संख्याशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांना हा प्रकार सांगितला. ते हसले नाहीत. त्यांनी मला एक नाव सांगितले आणि त्या माणसाबद्दल वाचायला सांगितले. ते नाव प्रशांतचंद्र महालनोबिस. तेव्हापासून हा माणूस माझ्या मागे लागला आहे.

प्रशांतचंद्रांचा जन्म २९ जून १८९३ चा, कलकत्त्यातला. घराणे ब्राह्मो समाजाचे. आजोबा गुरुचरण हे विक्रमपूरहून नशीब काढायला कलकत्त्यात आले आणि १८६४ साली त्यांनी एका विधवेशी विवाह केला. त्या काळात याची किंमत किती मोजावी लागे, हे आपल्याकडे विधवाविवाहाचा इतिहास ठाऊक असलेल्यांना सांगायला नको. आई निरोदबासिनी या प्रसिद्ध डॉक्टर नीलरतन सरकार यांची बहीण. घरात विद्या होती, सुधारणा होती आणि रवींद्रनाथांच्या घराण्याशी जाणेयेणे होते.

प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९१२ साली पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन प्रशांतचंद्र पुढच्या वर्षी विलायतेस गेले. जायचे होते लंडन विद्यापीठात. सहज केंब्रिज पाहायला गेले, किंग्ज कॉलेजचे चॅपेल पाहण्यात रमले आणि परतीची शेवटची गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच कॉलेजात नाव घातले. ज्या माणसाने पुढे साऱ्या देशाला दैव हिशोबात कसे धरावे ते शिकवले, त्याचे स्वतःचे शिक्षण एका चुकलेल्या गाडीवर ठरावे, हे कादंबरीत लिहिले तर संपादक खोडतील.

केंब्रिजमध्ये त्यांची रामानुजनशी मैत्री झाली. थंडीचे दिवस होते. रात्री नीट ऊब मिळते ना, असे त्यांनी रामानुजनला विचारले, तर तो म्हणे ओव्हरकोट घालून, वर शाल पांघरून झोपत होता आणि तरीही कुडकुडत होता. प्रशांतचंद्र त्याच्या खोलीत गेले. पाहतात तो पलंगावर पलंगपोसाखाली घोंगड्या व्यवस्थित खोचलेल्या होत्या, पण त्यांच्या आत शिरून झोपायचे असते हे त्या थोर गणितज्ञाला कोणी सांगितलेच नव्हते. प्रशांतचंद्रांनी त्या उलगडून दाखवल्या. मला या गोष्टीत त्यांचा सगळा स्वभाव दिसतो. अडचण ऐकून अंदाज बांधत न बसता खोलीत जाऊन पाहायचे.

१९१५ साली पदार्थविज्ञानात पहिला वर्ग मिळवून ते सुटीसाठी मायदेशी निघाले. युद्धामुळे बोट लांबली. त्या रिकाम्या दिवसांत कॉलेजच्या एका अध्यापकांनी त्यांना बायोमेट्रिका नावाचे नियतकालिक दाखवले. संख्याशास्त्राचे ते एक मोठे नियतकालिक. प्रशांतचंद्रांनी त्याचा सबंध संच विकत घेतला आणि बोटीवर वाचत आले. पुन्हा केंब्रिजला संशोधनासाठी जायचे ते राहूनच गेले. प्रेसिडेन्सीत पदार्थविज्ञान शिकवायला लागले, पण मन त्या खंडांत गुंतले होते.

आणि मग नागपूर! १९२० साली भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन नागपुरास भरले होते. तिथे त्यांची प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचे संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांच्याशी गाठ पडली. अ‍ॅनंडेल यांच्यापाशी कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे आकडे होते. ते त्यांनी या तरुण अध्यापकाला तपासायला दिले. त्यातून १९२२ साली पहिला निबंध निघाला आणि त्याच वाटेने पुढे १९३६ साली महालनोबिस अंतर म्हणून जगभर ओळखले जाणारे माप पक्के झाले. दोन समूहांत एकाच वेळी अनेक गुणांचा विचार करून किती दूरत्व आहे हे सांगणारे ते माप आज संगणकशास्त्राचे विद्यार्थीही घोकतात. नागपूरकरांनी या गोष्टीचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

१९२३ साली त्यांनी निर्मलकुमारींशी, म्हणजे राणींशी, विवाह केला. वधूपिता हेरंबचंद्र मैत्र हे ब्राह्मो समाजातले मोठे प्रस्थ, पण समाजाच्या काही नियमांना प्रशांतचंद्रांचा विरोध होता म्हणून त्यांनी लग्नाला येण्याचे नाकारले. कन्यापित्याची जागा मामा नीलरतन सरकार यांनी घेतली. राणीबाईंनी पुढे जन्मभर पतीचा व्याप सांभाळला. रवींद्रनाथ त्यांच्या घरी मुक्कामास येत. विश्वभारतीचे चिटणीसपद प्रशांतचंद्रांनी दहा वर्षे सांभाळले.

१९२६ साली ओरिसात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचे पात्र गाळाने वर आले, सबब बांध उंच करावेत, असे अभियंत्यांचे मत पडले. प्रशांतचंद्रांनी साठ वर्षांच्या नोंदी काढल्या आणि पात्र वर आलेलेच नाही, पूर आला तो वरच्या भागातल्या अतिवृष्टीने, तेव्हा बांध घालायचा तर वर घाला, असे दाखवून दिले. संख्याशास्त्राने सरकारचे पैसे कसे वाचतात, याचा हा वस्तुपाठ होता. १९३१ च्या डिसेंबरात त्यांनी भारतीय संख्याशास्त्र संस्था काढली, तीही प्रेसिडेन्सीतल्या आपल्या खोलीत. पहिल्या वर्षाचा सारा खर्च २३८ रुपये. आमच्या शाखेचा चहाखर्च याहून जास्त असे.

आता खरी गोष्ट सुरू होते, ती तागाची. तागाच्या पिकावर बंगालचे अर्थकारण उभे होते. पीक किती येणार या अंदाजावर भाव हलत, आणि अंदाज कसला तर गावोगावच्या मंडळींनी नजरेने बांधलेला. १९३७ साली ताग समितीने महालनोबिसांकडे काम सोपवले. त्यांनी एकदम सारा प्रांत हाती घेतला नाही. पहिल्या वर्षी थोड्या भागात चाचणी घेतली, तिच्यावरून खर्च आणि चूक यांचा हिशोब मांडला, पुढच्या वर्षी क्षेत्र वाढवले. असे करत १९४१ साली सबंध बंगालची पाहणी झाली. त्याच काळात सरकारने एकेक शेत मोजण्याचाही घाट घातला. हजारो माणसे लागली, नमुना पाहणीच्या अनेक पट पैसा लागला, आणि व्यापाराच्या प्रत्यक्ष आकड्याशी ताडून पाहता नमुन्याचा अंदाज जास्त जवळचा निघाला. कारण साधे आहे. थोडी शेते थोड्या, शिकवलेल्या माणसांनी मोजली तर नीट मोजली जातात. सगळी शेते घाईघाईने गोळा केलेल्या माणसांनी मोजायची म्हटली, की चिखलात उतरण्याऐवजी झाडाखाली बसून रकाने भरले जातात. मी हे स्वानुभवाने सांगतो.

त्यांना माणसाचा हा स्वभाव ठाऊक होता. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. एकाच मुलखात दोन वेगवेगळे नमुने टाकायचे आणि ते दोन वेगवेगळ्या तुकड्यांना द्यायचे. दोघांचे आकडे जवळपास जुळले तर ठीक, फार फरक पडला तर कुठेतरी पाणी मुरते आहे. बँकेत रोकड दोघांनी मोजायची पद्धत असते, तसेच हे. आमच्याकडे दोघेही एकमेकांच्या आकड्याकडे तिरपे पाहून घेत. महालनोबिसांच्या दोन तुकड्यांची मात्र गाठच पडायची नाही.

या तागाच्या कामातच माझ्या अठरा चिठ्ठ्यांचे उत्तर होते. नकाशावर डोळे मिटून पेन्सिल टेकवली, तर ती कोणत्या शेतावर पडेल? मोठ्या शेतावर पडण्याचा संभव जास्त, बारक्या तुकड्यावर कमी. म्हणजे नकाशा आपण होऊन प्रत्येक शेताला त्याच्या आकाराइतकी संधी देतो. महालनोबिसांनी १९३८ च्या सुमारास हीच गोष्ट पिकाच्या पाहणीसाठी विचारपूर्वक मांडली. जे मोठे त्याला संधी मोठी. पुढे १९४३ साली अमेरिकेच्या जनगणना खात्यातल्या हॅन्सेन आणि हुर्विट्झ यांनी तिचे नीट शास्त्र केले.

ऐकताना हे अन्यायाचे वाटते. मोठ्यालाच संधी? मग वाडी-तांड्यांचे काय? प्राध्यापकांनी मला तेव्हा कागदावर एक उदाहरण मांडून दाखवले, तेच इथे देतो. रविवारची सकाळ आहे, पेन्सिल घेऊन बसायला हरकत नाही. समजा पाच गावे आहेत, उंबरे अनुक्रमे ५०, १००, १५०, २०० आणि ५००. एकूण हजार. आता एकाखाली एक बेरीज करत जायचे. पहिल्या गावाला १ ते ५० हे आकडे, दुसऱ्याला ५१ ते १५०, तिसऱ्याला १५१ ते ३००, चौथ्याला ३०१ ते ५०० आणि पाचव्याला ५०१ ते १०००. एक ते हजारांतला एक आकडा दैवाने उचलायचा. समजा ३७६ निघाला, तर चौथे गाव लागले. त्या गावात जाऊन चिठ्ठीनेच दहा घरे निवडायची. गाव कोणतेही निघो, घरे दहाच.

आता बघा गंमत. पाचशे उंबऱ्यांचे गाव निघण्याची शक्यता निम्मी, पण तिथे पाचशे घरांतून दहाच घ्यायची, म्हणजे पन्नासात एक. निम्म्याचा पन्नासावा भाग, शंभरात एक. पन्नास उंबऱ्यांची वाडी निघण्याची शक्यता विसात एक, पण निघाली तर पाचांतले एक घर घेतले जाणार. विसाव्याचा पाचवा भाग, पुन्हा शंभरात एक! गावांना असमान संधी दिली की घरांना समान संधी मिळते. मी सगळ्या गावांना सारखे मानले होते. समानता द्यायची होती माणसाला आणि मी ती दिली गावाच्या नावाला. हजार वेळा चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर माझीही सरासरी बरोबर आली असती, असे प्राध्यापक म्हणाले. पण मी एकदाच टाकल्या होत्या आणि गल्लीतल्या त्या गृहस्थांच्या वाट्याला ती एकच वेळ आली.

हजारो गावांची अशी बेरीज हाताने करत बसणे म्हणजे शिक्षाच. संस्थेतल्या डी. बी. लाहिरी यांनी १९५१ साली त्यावर सुरेख तोड काढली. दोन आकडे उचलायचे. पहिला गावाचा क्रमांक. दुसरा एकपासून सर्वांत मोठ्या गावाच्या उंबऱ्यांपर्यंतचा कोणताही. दुसरा आकडा त्या गावाच्या उंबऱ्यांएवढा किंवा कमी असला तर गाव पक्के, जास्त असला तर दोन्ही आकडे टाकून पुन्हा उचलायचे. बारके गाव वारंवार नापास होते, मोठे सहसा पास होते. बेरजेचा कागदच नको. या विषयाच्या मुळाशी जाऊन, कोणत्याही परिस्थितीत इतरांहून सरस ठरेल अशी अंदाजाची एकच एक रीत असू शकत नाही, हे १९५५ साली सिद्ध करून दाखवले ते वि. प्र. गोडांबे या मराठी माणसाने. आपल्याकडे हे नाव किती जणांना माहीत आहे?

मराठी नावांचा विषय निघालाच आहे, तर पांडुरंग वासुदेव सुखात्म्यांना वगळून चालणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले सुखात्मे शेती संशोधन परिषदेत होते आणि त्यांचा महालनोबिसांशी मोठा वाद झाला. उभ्या पिकाचा किती तुकडा कापून तोलायचा, हा प्रश्न. महालनोबिसांची माणसे चार फूट त्रिज्येचे लहान वर्तुळ कापत. सुखात्म्यांचे म्हणणे, की तुकडा जितका लहान तितका त्याचा काठ जास्त, आणि काठावरचे रोप आत धरायचे की बाहेर या मोहात कापणारा ते आतच ओढतो, मग उत्पन्न फुगते. त्यांचा आग्रह मोठ्या चौकोनी तुकड्यांचा आणि नेहमीच्या महसुली यंत्रणेकडून काम करून घेण्याचा. या वादात मला सुखात्म्यांची बाजू पटते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही पटेल. सरकारी पीक कापणीत त्यांचीच रीत रुजली. महालनोबिसांना हार मानणे जमत नसे, हा त्यांचा दोष होता. संस्थेतली मोठमोठी माणसे, राजचंद्र बोस, समरेंद्रनाथ रॉय, स्वातंत्र्यानंतर लवकरच अमेरिकेला निघून गेली. संस्था त्यांनी उभारली तशी ती आपल्याच मुठीत ठेवली, असे म्हणणारे त्यांच्या हयातीतही होते.

पण या सगळ्या आकडेमोडीत जीव किती होता, हे बंगालच्या दुष्काळाने दाखवले. १९४३ साली लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्यानंतर संस्थेच्या माणसांनी खेडोपाडी जाऊन उरलेल्या कुटुंबांची नमुना पाहणी केली. जमीन कोणी विकली, बैल कोणाचे गेले, कोण भिकेला लागले. मेलेल्यांची दाद सरकारदरबारी लागत नव्हती, पण जगलेल्यांचे काय झाले ते कागदावर आले. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त मोडले ते भूमिहीन मजूर, कोळी आणि कारागीर. कारागीर! हे वाचताना माझा शून्याचा रकाना मला आठवल्याशिवाय राहिला नाही.

स्वातंत्र्य आले. १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष महालनोबिस, सभासद आपले धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव. देशाचे उत्पन्न मोजायला बसले तर निम्म्या गोष्टींचे आकडेच नाहीत. त्यातून १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी जन्मली. साडेपाच लाखांवर खेड्यांतून १,८३३ खेडी निवडली आणि ऑक्टोबरात माणसे निघाली. कुठे पायली, कुठे शेर, कुठे नुसती ओंजळ. प्रत्येक मुलखाचे माप वेगळे, भाषा वेगळी. घरात काय शिजते, कापडाला किती लागते, हे पहिल्यांदाच कोणीतरी दारात येऊन विचारत होते. पुढच्या अनेक फेऱ्यांत खेडी त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निवडली गेली. भारतात गरीब किती, हा प्रश्न आपण आज ज्या आकड्यांवर भांडतो ते आकडे या पाहणीने दिले आहेत.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा त्यांचाच. त्यावर इतके लिहिले गेले आहे, की मी भर घालत नाही. अवजड उद्योगांवरचा त्यांचा भर शेतीला महागात पडला, असे मानणाऱ्यांत मी आहे, एवढेच नोंदवतो. १९५६ साली देशातला पहिला संगणक त्यांनी विलायतेहून आपल्या संस्थेत आणला, हेही नोंदवायला हवे.

अखेरची वर्षे सुखाची गेली नाहीत. १९७० साली सरकारने पाहणीसाठी स्वतंत्र संघटना केली आणि संस्थेकडे असलेले काम एकेक करून तिच्याकडे गेले. ज्या मुलीला हाताला धरून चालवले ती परक्या घरी दिली, असे त्यांना वाटले असेल तर नवल नाही. २८ जून १९७२ रोजी ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना एकोणऐंशी वर्षे पूर्ण झाली असती. २००७ पासून २९ जून हा दिवस देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळतात.

मी निवृत्त होऊन पुण्यात राहायला आलो, त्यानंतरची गोष्ट. २०२२-२३ ची खर्च पाहणी चालू होती. एके दुपारी बेल वाजली. दारात विशीतली एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. आपले घर नमुन्यात आले आहे, तीनदा यावे लागेल, म्हणाली. सौभाग्यवतींनी विचारले, सोसायटीत इतकी घरे असताना आमचेच का? मी उत्साहाने पाच गावांचे उदाहरण सुरू केले, पण त्या दोघी आत जाऊन बसल्या होत्या. चहा झाला. गहू, तांदूळ, डाळी झाल्या. महिन्याला खाद्यतेल किती लागते, या प्रश्नाला मी तीन किलो म्हणालो, सौभाग्यवती साडेचार म्हणाल्या. मुलगी टॅबलेटवर बोट धरून थांबली. मग सौभाग्यवती उठल्या आणि डबा पाहायला स्वयंपाकघरात गेल्या.